वैशाखात कसला वसंत?

मागच्या भागात मी म्हटलं होतं की पुढच्या वेळी किल्ल्यांवरून जरा खाली उतरू आणि स्वयंपाकघरात शिरू. तर आज आपण बोलणार आहोत वसंत ऋतूतल्या आळसाबद्दल. हो, आळसाचाही इतिहास असतो, आणि चांगला तेराशे-चौदाशे वर्षं मागे जाणारा असतो. पण सुरुवात माझ्याच फजितीपासून करते.

२०२४ साली पाडवा ९ एप्रिलला आला होता. त्याच्या आधीचे काही आठवडे मी अगदी मरगळलेली होते. सकाळी उठवत नव्हतं, दुपारी जेवण झालं की स्क्रीनवरचा कोड पोहायला लागायचा. कुणीतरी ग्रुपवर एक तक्ता टाकला: ‘वसंत ऋतुचर्या, चैत्र आणि वैशाख’. मध घातलेलं गरम पाणी, सुंठीचं पाणी, जवाची भाकरी, तूप-दही-गोड बंद, दुपारची झोप बंद, भरपूर व्यायाम. मी इंजिनियर माणूस, कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावले आणि तक्ता अंमलात आणला. पहिले दहा-बारा दिवस खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मे उजाडला. पुण्यातला मे. मी तरीही संध्याकाळी पाचच्या उन्हात पळत होते, कारण तक्त्याप्रमाणे अजून वैशाख चालू होता, म्हणजे वसंत चालू होता. एक दिवस पळता पळता डोळ्यांपुढे अंधारी आली ती थेट घराजवळच्या दवाखान्यात सलाईन लागेपर्यंत.

आजी बघायला आली आणि तिने एवढंच विचारलं, “अगं, वैशाखात कसला वसंत? वैशाख वणवा म्हणतात ना?”

हा प्रश्न डोक्यात राहिला. कारण आजीचं बरोबर होतं आणि तक्त्यानेही महिने स्वतःच्या मनाने घातले नव्हते. मग गडबड कुठे होती?

तक्ता आला होता ‘अष्टांगहृदया’तून. वाग्भटाचा हा ग्रंथ साधारण इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आसपासचा. त्याच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा. त्यात माघापासून दोन-दोन महिन्यांचे सहा ऋतू मोजलेत: माघ-फाल्गुन शिशिर, चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म. वसंताचा सिद्धांत असा की थंडीत शरीरात कफ साठतो, वसंतातल्या सूर्याने तो पातळ होतो, पाचक अग्नी मंद करतो, आणि म्हणून जडपणा येतो. आधुनिक वैद्यक हे असं मांडत नाही, हे उघड आहे. पण हिवाळा संपताना अंग जड होतं हे निरीक्षण कुणीतरी फार बारकाईने केलं होतं, एवढं मान्य करायला हरकत नाही.

उपाय वाचताना मला गंमत वाटली, कारण ग्रुपवरचे तक्ते त्यातला निम्मा भाग गाळतात. जुना जव, जुना गहू, मध हे तक्त्यात असतं. पण मूळात त्याच्याच शेजारी सळईवर भाजलेलं रानातल्या प्राण्यांचं मांस आहे. मित्रांबरोबर घ्यायची आसवं आणि मद्यं आहेत, आंब्याच्या रसाने सुगंधित केलेली. भर दुपारी थंडगार बागेत गप्पा मारत बसायचं आहे. हे सगळं गाळून ‘मिताहार आणि संयम’ एवढंच उरतं. वाग्भटाचा वसंत बराच मजेत होता, मंडळी.

आणि मधाचं तर काय सांगू! मध पाण्यात घालून प्यायला वाग्भट सांगतो, खरं आहे. पण गरम मध, गरम पदार्थाबरोबर मध आणि उष्ण काळात मध, हे तिन्ही तोच पाचव्या अध्यायात निषिद्ध ठरवतो. म्हणजे मी रोज सकाळी जे ‘आयुर्वेदिक’ म्हणून पीत होते ते त्याच ग्रंथाच्या नियमाविरुद्ध होतं. व्यायामाचंही तसंच. थंडीत आणि वसंतात, तेही बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसाने, अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा. बाकीच्या काळात त्याहून कमी. अर्धी शक्ती म्हणजे किती? सुश्रुतसंहितेत खूण दिली आहे: श्वास तोंडाने यायला लागला की थांबायचं. मी तर तूप बंद करून, तोंडाने धापा टाकत पाच किलोमीटर पूर्ण करत होते.

आता ग्रीष्माकडे बघा. वाग्भटाचाच ग्रीष्म, पुढच्याच श्लोकांत. तिथे व्यायाम आणि ऊन टाळा, आंबट-खारट-तिखट टाळा, गोड, थंड, पातळ, स्निग्ध घ्या. साखर घातलेलं सातू, आणि रात्री चांदण्यात गार केलेलं म्हशीचं दूध. वर्षभर नाकारलेली दुपारची झोपही इथे चालते. वसंताच्या जवळजवळ उलटं! म्हणजे ऋतू ओळखण्यात चूक झाली तर बिनउपयोगाचाच नाही, तर उलटा उपाय होतो.

मग महिन्यांचं काय? इथून माझ्या आवडीचा भाग सुरू होतो.

आपले महिने चांद्र, वर्ष अधिक महिन्याने सूर्याशी जुळवलेलं. त्यामुळे पाडवा दरवर्षी पुढेमागे सरकतो. २०२३ मध्ये तो २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला. त्या वर्षी वैशाख अमावास्या आली ६ जूनला. केरळात मान्सून ३० मे रोजीच दाखल झाला होता! म्हणजे तक्ता अक्षरशः पाळला असता तर केरळात छत्री उघडून वसंत चालला असता.

दुसरा घोळ त्याहून संथ आहे. पंचांगातलं सौर वर्ष ताऱ्यांवर मोजलेलं. ते ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं. वीस मिनिटं काय मोठी, असं वाटेल. पण साधारण एकाहत्तर वर्षांत एक दिवस साचतो. घड्याळातली अशी बारीक चूक सर्व्हरवर वर्षानुवर्षं कुणी बघितली नाही तर काय होतं, हे माझ्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. वाग्भटापासून आजपर्यंत जवळपास वीस दिवस. म्हणजे त्याचा चैत्र आपल्या चैत्रापेक्षा सुमारे तीन आठवडे थंड होता. शिवाय ‘अष्टांगसंग्रहा’चा कर्ता आपला जन्म सिंधू देशातला सांगतो (दोन्ही ग्रंथ एकाच वाग्भटाचे का, यावर अभ्यासकांत वाद आहे). दख्खन आणि सिंधूकाठ, दोन्हीकडचा उन्हाळा-हिवाळा सारखा नाही.

आपल्याकडे याची अधिकृत दखल कधी घेतली गेली? १९५२ मध्ये सरकारने मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली. समितीचा निष्कर्ष होता की पंचांग ऋतूंपासून २३ दिवस सरकलंय. त्यातून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात वसंत आहे फाल्गुन-चैत्र, म्हणजे तिच्या तारखांनी २० फेब्रुवारी ते २० एप्रिल.

आणि आता सुश्रुतसंहिता उघडा, सूत्रस्थान, सहावा अध्याय. तिथे एकाच अध्यायात ऋतूंच्या दोन याद्या आहेत. पहिलीत वसंत चैत्र-वैशाखाचा. दुसरी यादी दोष साठणं, उसळणं, शमणं याच्या हिशेबासाठी, आणि तिच्यात वसंत चक्क फाल्गुन-चैत्र. शिशिर गाळलाय आणि पावसाळ्याआधी ‘प्रावृट्’ नावाचा वेगळा ऋतू घातलाय. माझं मत असं की जुन्या वैद्यांना एकच कॅलेंडर पुरत नाही हे पक्कं ठाऊक होतं. तक्ते बनवणारे आपण एकच यादी उचलली.

महाराष्ट्राचाही यात धागा आहे. ‘हेमाडपंती’ देवळांचा हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, त्याने तेराव्या शतकात ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३९ मध्ये अरुणदत्त आणि हेमाद्री या दोघांच्या टीकांसह तो ग्रंथ छापला. ती आवृत्ती अभ्यासक आजही वापरतात.

पण मला जास्त आवडलं ते आपलं स्वयंपाकघर. पाडव्याला कडुनिंबाचा पाला, ओवा, हिंग: कडू-तिखट, कफाचा शत्रू. आणि दोनच दिवसांनी तृतीयेला चैत्रगौर बसते, तिच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं. आंबट, गोड, थंड. वसंताच्या नियमात न बसणारं सगळं! कुणी ठरवून केलं असेल असा माझा दावा नाही. पण दख्खनच्या बायकांनी चैत्रातच उन्हाळा मान्य करून टाकला होता, असं मला दिसतं.

एक शेवटची गोष्ट, वाग्भटाचीच. एक ऋतू संपतानाचे सात दिवस आणि पुढचा सुरू होतानाचे सात दिवस, याला तो ऋतुसंधी म्हणतो. त्या चौदा दिवसांत जुनं हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं. एकदम बदललं तर त्यातूनच आजार होतात. आम्ही नवीन सिस्टीम एका रात्रीत चालू करत नाही, तसंच. माझ्या तक्त्यात हा श्लोक नव्हता.

यंदा मी रिमाइंडर काढून टाकलेत. सकाळी खिडकी उघडून वारा कसा आहे ते बघते, आणि दर रविवारी आजीला फोन करते. मागच्या रविवारी तिने सांगितलं, “सुंठ आता पुरे, कैऱ्या आल्यात.”