सूर्यमालेवरील शैक्षणिक खेळ

सूर्यमालेवरील शैक्षणिक खेळ : सूर्य, ग्रह, उपग्रह, धूमकेतू इत्यादींची ओळख खेळाच्या ओघात करून देणारी साधने. पटावरचे खेळ, ग्रहांच्या हलत्या प्रतिकृती आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले व्हिडिओ गेम यांचा त्यांत समावेश होतो. खेळाला ठराविक नियम, मर्यादित जागा आणि झटपट मिळणारे फळ लागते. सूर्यमालेचे स्वरूप याच्या नेमके उलट, म्हणजे अफाट अंतरांचे व संथ गतींचे आहे. हा विरोध कसा सोडविला गेला, यावरच प्रत्येक खेळाचे शैक्षणिक मूल्य अवलंबून असते.

पूर्वपीठिका : खगोलाचे ज्ञान हाताळता येण्याजोग्या वस्तूंतून देण्याची प्रथा भारतात जुनी आहे. भास्कराचार्य (दुसरे) यांच्या सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात खगोलाची वर्तुळे दाखविणारा गोल कसा बांधावा याचे व निरनिराळ्या यंत्रांचे विवेचन आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केला, असे चाळीसगावजवळील पाटणे येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखावरून कळते. या गोलाच्या केंद्रस्थानी पृथ्वी होती. सूर्य मध्यभागी ठेवून चक्रांच्या साहाय्याने ग्रह फिरविणारी ‘ऑररी’ ही यंत्रे अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये प्रचारात आली.

खेळातून शिकवण देण्याचा महाराष्ट्रातील परिचित नमुना म्हणजे मोक्षपट. तो ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरागत समजूत आहे. त्यात सद्‌गुणांच्या शिडीने सोंगटी वर चढते व दुर्गुणांच्या सापाने खाली घसरते. चढणे म्हणजे प्रगती आणि पडणे म्हणजे प्रमादाचे फळ, ही या पटाची कल्पना पुढील काळातील संगणकीय खेळांतही वेगळ्या रूपात आढळते.

तारामंडळे : घुमटाच्या आतील पृष्ठावर आकाश प्रक्षेपित करणारे यंत्र झाइस या जर्मन कंपनीने तयार केले व १९२३ मध्ये त्याचे प्रथम प्रात्यक्षिक झाले. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. १९५४ मध्ये पुण्याच्याच टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारामंडळ उभे राहिले. आशियातील सर्वांत जुन्या तारामंडळांत त्याची गणना होते. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. तारामंडळात विस्मय उत्पन्न होतो, तथापि तेथे प्रेक्षक बसून पाहतो. ग्रहांमधून स्वतः वाट काढण्याची मुभा त्याला नसते. ही उणीव भरून काढणे संगणकीय खेळांना शक्य झाले.

संगणकीय खेळ : ‘स्पेसवॉर’ (१९६२) हा आरंभीच्या संगणकीय खेळांपैकी एक खेळ अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत तयार झाला. त्यात दोन याने एका ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणात फिरत एकमेकांवर मारा करतात. त्याच्या पार्श्वभूमीवरील तारे पीटर सॅमसन याने खऱ्या तारकानकाशावरून घेतले होते. म्हणजे या खेळाच्या पडद्यामागे एक लहानसे तारामंडळच होते. १९६९ मध्ये मनुष्य चंद्रावर उतरल्यानंतर त्याच वर्षी जिम स्टोरर या शाळकरी विद्यार्थ्याने चंद्रावर यान उतरविण्याचा खेळ लिहिला. त्यात चित्रे नव्हती. दर दहा सेकंदांसाठी किती इंधन जाळावयाचे तो आकडा खेळाडूने द्यावयाचा आणि उंची व वेग यांचे नवे आकडे वाचावयाचे, एवढाच तो खेळ. तरीही इंधन लवकर संपविले तर यान आदळते आणि उशिरा जाळले तरी आदळते, हा गतिशास्त्राचा धडा त्यातून पक्का होत असे. सूर्यमालेची माहिती देण्याच्या स्पष्ट हेतूने ‘व्हेअर इन स्पेस इज कार्मेन सँडिएगो?’ (१९९३) व ‘द मॅजिक स्कूल बस एक्सप्लोअर्स द सोलर सिस्टिम’ (१९९४) यांसारखे खेळ पुढे निघाले. भारतात १९८४ मध्ये निवडक शाळांतून संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू झाला व बीबीसी मायक्रो या संगणकाशी विद्यार्थ्यांची ओळख झाली.

उड्यांचे खेळ : शिड्या चढणे व एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर उडी घेणे यांवर आधारलेल्या खेळांना प्लॅटफॉर्म खेळ म्हणतात. ‘डाँकी काँग’ (१९८१) या जपानी खेळाने हा प्रकार लोकप्रिय केला. सूर्यमालेच्या शिक्षणाला तो विशेष सोयीचा आहे, कारण उडीची उंची गुरुत्वाकर्षणावर ठरते. पृथ्वीवर ५० सेंमी. उंच उडी मारणारा मनुष्य तेवढ्याच जोराने (अंतराळवेशाचे वजन वगळता) मंगळावर सु. १.३ मी., चंद्रावर सु. ३ मी. आणि टायटन या शनीच्या उपग्रहावर सु. ३.६ मी. उंच जाईल. पृथ्वीवरील उडी सु. ०.६ सेकंदात संपते. चंद्रावर तिला जवळजवळ ४ सेकंद लागतील. बुध मंगळाहून पुष्कळ लहान असूनही दोहोंवरील उडी जवळजवळ सारखीच भरते. त्याचे कारण शोधू लागलेला विद्यार्थी ग्रहांच्या घनतेपर्यंत आपोआप पोहोचतो.

याच प्रकाराची मर्यादाही येथेच दिसते. अशा खेळाला पाय टेकण्यास जमीन लागते. गुरू व शनी यांना मात्र घन पृष्ठभाग नाही. शुक्राला तो आहे, परंतु तेथील तापमान सु. ४६० से. व वायुदाब पृथ्वीच्या सु. ९० पट आहे. १९८२ मध्ये तेथे उतरलेले ‘व्हेनेरा-१३’ हे सोव्हिएट यान सु. दोन तासच कार्यरत राहू शकले. शनीवर टेकड्या रंगविणारा खेळ मनोरंजक असला, तरी त्यातून चुकीचे ज्ञान दृढ होते.

अंतरांचा प्रश्न : पडद्यावर ग्रह शेजारीशेजारी दाखवावे लागतात. प्रत्यक्ष प्रमाण समजण्यासाठी १ मी. म्हणजे १० लक्ष किमी. असे माप घ्यावे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड या गोदावरीकाठच्या, संत जनाबाईंच्या जन्मगावी सु. १.४ मी. व्यासाचा सूर्य ठेवला, तर पृथ्वी १५० मी. अंतरावर सव्वा सेंमी. व्यासाची गोटी होईल व चंद्र तिच्यापासून ३८ सेंमी.वर असेल. १४ सेंमी. व्यासाचा गुरू पाऊण किमी.हून थोडा पुढे आणि नेपच्यून साडेचार किमी. दूर, गावाबाहेरच्या शिवारात येईल. या मापाने प्रकाश सेकंदाला केवळ ३० सेंमी. सरकेल, म्हणजे रमतगमत चालणारे मूलही त्याला मागे टाकील. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सु. ४०,००० किमी.वर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाएवढ्या अंतरावर ठेवावा लागेल. दोरी, चेंडू व मोकळे शेत एवढ्यावर साधणारा हा खेळ संगणकाच्या पडद्याला न साधणारी गोष्ट शिकवितो.

भाषा व समजुती : मराठीत ‘ग्रह’ हा शब्द ज्योतिषशास्त्र आणि फलज्योतिष या दोहोंत वापरला जातो. परंपरागत नवग्रहांत सूर्य व चंद्र आहेत, पृथ्वी नाही; राहू व केतू हे तर चंद्रकक्षा व क्रांतिवृत्त यांचे छेदनबिंदू होत. घरात शनीच्या साडेसातीची धास्ती ऐकणाऱ्या मुलाला शनीची कडी मुख्यतः बर्फाच्या तुकड्यांची आहेत हे खेळता खेळता कळले, तर त्या नावाभोवतीचे भय ओसरण्यास मदत होते. परभाषेतील खेळात तोच ग्रह निराळ्या नावाने भेटत असल्यामुळे ही दोन्ही ज्ञाने एकमेकांना न भिडताच मुलाच्या मनात राहू शकतात. यास्तव मराठीतून असे खेळ असण्याला भाषाभिमानापलीकडचे कारण आहे.

मूल्यमापन : अशा साधनांतील माहिती लवकर जुनी होते. १९९० च्या दशकातील खेळांत ग्रह नऊ असत. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने प्लूटोला बटुग्रह ठरविल्याने ते आठ झाले. २०२५ मध्ये शनीच्या ज्ञात उपग्रहांची संख्या २७४ वर गेली. गतीचे व गुरुत्वाकर्षणाचे नियम मात्र असे बदलत नाहीत. २०१९ मध्ये ‘चांद्रयान-२’ चा अवतरक चंद्रावर अलगद उतरू शकला नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चा अवतरक सु. ३० किमी. उंचीपासून सु. १९ मिनिटांत सुखरूप उतरला. या दोहोंतील फरक समजण्यास स्टोररच्या चित्रहीन खेळातील उंची, वेग व इंधन हे तीन आकडे आजही उपयोगी पडतात. नावे व संख्या पाठ करून घेणाऱ्या खेळापेक्षा निसर्गनियम प्रामाणिकपणे पाळणारा खेळ, मग तो कितीही साधा असो, अधिक काळ शिकवीत राहतो.