बाण नसलेली गोष्ट

भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटीला काळे खडक उघडे पडतात. लहानपणी दादीबरोबर तिथं जायचो, तेव्हा ती म्हणायची, "ही जमीन परशुरामानं समुद्राकडून मागून घेतली." दादी पाच वेळची नमाजी, पण गावाची गोष्ट तिला कधी परकी वाटली नाही.

परशुरामानं बाण सोडला, समुद्र हटला आणि कोकण वर आलं, हे आपण सारेच ऐकत आलो. महाभारताच्या शांतिपर्वात मात्र बाण नाही. जिंकलेली पृथ्वी कश्यपाला देऊन परशुराम निघतो आणि समुद्र आपणहून त्याला शूर्पारक देश करून देतो. शूर्पारक म्हणजे आपलं सोपारा. बाण मागाहून आला. मला आपली ही जुनी गोष्टच आवडते; दादीच्या 'मागून घेतली'शी ती अधिक जुळते.

खडकाची हकीकत निराळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारस थरावर थर वाहिला. आपला काळा पाषाण त्यातूनच आला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला तर लाव्हारस थिजताना आकसला आणि त्याचे सुमारे दोनशे फूट उंच उभे खांब झाले. लोकांनी वर गावदेवी बसवली. समुद्राच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ. आगीची मी तरी एकही ऐकली नाही. ती पाहायला माणूस होताच कुठे?

माणूस आला आणि त्यानं याच काळ्या दगडावर अक्षरं कोरली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली मिळाला, तोही आमच्या भुईगावात! त्या लेखात सम्राट म्हणतो, आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, पण त्यांचं फळ थोडं. दासांशी, नोकरांशी नीट वागावं, वडीलधाऱ्यांना मान द्यावा, हाच खरा मंगलविधी. दादीला ब्राह्मी सोडाच, मराठीही वाचता येत नव्हतं. पण मोलकरणीला आधी वाढून मग ती स्वतः जेवायला बसे.

आता किनाऱ्यावरची वाळू चोरीला जाते, भरतीच्या लाटा सुरूची झाडं मुळासकट पाडतात. मागच्या खेपेला नातीला घेऊन गेलो होतो. परशुरामाची गोष्ट सांगत होतो. आडव्या पडलेल्या झाडावर बसून तिनं विचारलं, "मग समुद्र परत का येतोय?"

गोष्ट तिथंच थांबली.