ड्यूई बाल्फा : लाजेकडून अभिमानाकडे

अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या दक्षिण भागात ‘केजन’ नावाचा फ्रेंचभाषक समाज राहतो. त्याचे पूर्वज कॅनडातील अकेडिया प्रांताचे. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावले आणि पुढील काही दशकांत त्यांतले अनेकजण लुइझियानाच्या दलदली व गवताळ प्रदेशात येऊन स्थिरावले. दीडशेहून अधिक वर्षे टिकलेल्या त्यांच्या भाषेवर मोठा घाव पडला तो १९२१ साली. राज्याच्या नव्या घटनेने शाळांतील शिक्षण केवळ इंग्रजीतून व्हावे असे ठरवले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. मायबोली हीच लाजेची गोष्ट ठरली आणि तिच्यातली गाणीही त्या लाजेची वाटेकरी झाली.

याच काळात, १९२७ साली, ममू या गावाजवळ ड्यूई बाल्फा जन्मले. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे शेतकरी आणि हौशी फिडलवादक. घरातील मुले ऐकून ऐकूनच शिकली. फिडल, गिटार, लहान बटणांचे अकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोण एवढाच वाद्यमेळ. हा त्रिकोणही बहुधा गवत गोळा करण्याच्या दंताळ्याच्या जुन्या दात्यांपासून घडवलेला असे. दोन फिडलांपैकी एक चाल वाजवी, दुसरे खालच्या स्वरांत तिला ठेका आणि आधार देई. ड्यूई आणि थोरले बंधू विल यांची जोडी याच पद्धतीसाठी नावाजली गेली. पोटासाठी मात्र ड्यूई विमा विकत, शाळेची बस चालवत. पुढे त्यांनी फर्निचरचे दुकानही चालवले.

१९६४ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवासाठी लुइझियानातून तिघांचा संच निघाला. ड्यूई त्यात ऐनवेळी बदली गिटारवादक म्हणून गेले. या संगीताने परक्यांपुढे आपले हसे होईल, अशी टीका स्थानिक वृत्तपत्राने आधीच केली होती. घडले उलटेच. गावच्या नाचघरातील दोन-अडीचशे माणसांपलीकडे श्रोते न पाहिलेल्या ड्यूईंसमोर हजारोंचा समुदाय होता आणि तो त्यांना मंचावरून उतरू देईना.

परतल्यावर त्यांनी व्हिल प्लाट येथील ध्वनिमुद्रिका व्यावसायिक फ्लॉइड स्वालो यांना गाठले. हे जुने संगीत विकले जाईल का, याची स्वालो यांना शंका होती. तरी १९६५ नंतर बाल्फा बंधूंच्या मुद्रिका निघाल्या आणि खपल्याही. १९६७ साली बंधू स्वतःच न्यूपोर्टला गेले. १९७४ साली लाफायेत शहरात केजन संगीताचा मोठा गौरवसोहळा झाला. त्याच्या उभारणीत ड्यूईंचा पुढाकार होता. टाळ्या परगावात मिळाल्या तरी वारसा घरातच टिकला पाहिजे, हे ओळखून ते शाळाशाळांत फिडल घेऊन गेले. ज्या शाळांनी फ्रेंच बंद पाडली, तिथेच ती गाण्यांतून परत नेण्याचा हा प्रयत्न होता.

१९७९ साली विल आणि रॉडनी हे दोघे बंधू मोटार अपघातात गेले. वर्षभराने पत्नीही गेली. ड्यूई काही काळ खचले, पण वाजवणे त्यांनी सोडले नाही. १९८२ साली, राष्ट्रीय वारसा पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, तो त्यांना मिळाला. जून १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या ख्रिस्तीन हिने पुढे ‘बाल्फा तूझूर’ हा वाद्यवृंद उभा केला. ‘तूझूर’ म्हणजे ‘सदैव’. नाव फ्रेंच आहे आणि ते निवडताना तिला लाज वाटण्याचे कारण उरले नव्हते.