दहावीत कोकण अव्वल, मग पदवीधर कुठे जातात?

दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, ही दरवर्षीची बातमी. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून असलेल्या कोकण विभागाचा ९९.०१ टक्के. पण यातली अनेक मुलं पदवीनंतर कोकणात राहत नाहीत. असं का होतं?

पदवीधर कुठे मोजला जातो?

जनगणनेत माणूस राहतो तिथे मोजला जातो, शिकला तिथे नाही. चिपळूणला शिकून हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी पुणे जिल्ह्याची पदवीधर ठरते. म्हणजे जिल्ह्यातले पदवीधर तीन गोष्टींवर ठरतात: तिथे किती जण शिकले, बाहेरून किती आले आणि किती निघून गेले.

कोकणात काय घडलं?

मुंबईची वाट जुनी आहे. आधी गिरण्यांत काम करायला माणसं गेली, नंतर शिकलेली मुलं. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, पण रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गचीही घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कामासाठी बाहेर गेलेले पुरुष हे त्याचं मोठं कारण.

पुण्यात उलट का?

पुण्यात १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज आणि १९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. पुढे कारखाने आले, मग आयटी कंपन्या. शिकायला आलेल्यांना तिथेच नोकरी मिळाली आणि ते तिथेच स्थायिक झाले.

मग गावाजवळच्या कॉलेजचा उपयोग काय?

खूप आहे. रत्नागिरीत १९४५ पासून कॉलेज आहे, दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ. शहरातली खोली आणि मेसचा खर्च ज्यांना झेपत नाही, किंवा ज्या मुलींना घरचे लांब पाठवत नाहीत, त्यांच्यासाठी जवळचं कॉलेज नसेल तर शिक्षण बारावीलाच थांबू शकतं.

थोडक्यात

कॉलेजमुळे पदवी मिळते, पण पदवीधर टिकतो तो कामामुळे. पदवीला साजेसं काम जवळपास नसेल, तर मुलांना शिकवण्याचा खर्च गावाचा आणि त्यांच्या कौशल्याचा फायदा शहराचा, हेच चालू राहतं. गावी येणारी मनीऑर्डर किंवा आताचं यूपीआय घरखर्च भागवतं, पण गावातल्या डॉक्टरची, शिक्षकाची किंवा उद्योजकाची जागा भरून काढत नाही.