मोटारीची झडप, पाणबुड्याचा श्वास

लाल समुद्रात इजिप्तच्या किनाऱ्याजवळ ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज सुमारे 30 मीटर खोल बसले आहे. 6 ऑक्टोबर 1941 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर जर्मन हेंकेल विमानाने त्यावर बॉम्ब टाकले. नऊ माणसे गेली. कोठारांतले बेडफर्ड ट्रक आणि बीएसए मोटारसायकली अजून रांगेत उभ्या आहेत. जगभरचे हौशी पाणबुडे त्या पाहायला येतात.

या गाड्यांची छायाचित्रे मी अनेकदा पाहिली होती. पण ती टिपणारा पाणबुड्या ज्या झडपेतून श्वास घेतो, तीही मोटारीतूनच आली आहे, हे कळल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही.

जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोलचा दुष्काळ होता, म्हणून मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. आपल्याकडेही त्याच युद्धात कोळशाच्या गॅसवर मोटारी धावल्या. पॅरिसमध्ये ‘एअर लिक्विड’ कंपनीचा इंजिनिअर एमिल गान्यां मोटारीच्या इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप बनवत होता. डिसेंबर 1942मध्ये नौदल अधिकारी झाक-इव्ह कूस्तो त्याला भेटला. कूस्तोला हवी होती मागू तेव्हाच हवा देणारी झडप. गान्यांने आपली झडप पुढे केली.

दोन्हीकडे काम एकच. इंजिनाने गॅस ओढला की दाब उतरतो, पातळ पडदा आत झुकतो, तरफ हलते, झडप उघडते. इंजिनाच्या जागी माणसाची छाती आली, एवढाच फरक. वर पाणी त्याच पडद्याला बाहेरून रेटते, म्हणून 30 मीटरवर हवाही आपोआप चौपट दाबाने मिळते. मार्न नदीतल्या पहिल्या चाचणीत मात्र आडवे पोहताना ठीक चालणारे यंत्र उभे राहताच हवा वाया घालवू लागले आणि डोके खाली करताच हवा देईना. उच्छ्वासाचे तोंड आणि पडदा वेगवेगळ्या उंचीवर होते. दोन्ही एका पातळीला आणल्यावर 1943मध्ये हे यंत्र, ‘अ‍ॅक्वालंग’, समुद्रात उतरले. त्याच वर्षी कूस्तोने बुडालेल्या जहाजांवर ‘एपाव्ह’ हा चित्रपट काढला. यंत्र आणि बुडीत जहाजांचा छंद ही जुळी भावंडेच.

झडप मोटारीतून आली, यावर आक्षेप आहे आणि तो भक्कम आहे. खाण-अभियंता रुकेरोल याने 1860मध्येच मागणीनुसार हवा देणाऱ्या झडपेचे पेटंट घेतले होते, खाणीत अडकलेल्यांच्या सुटकेसाठी. त्याच्याच एस्पालियों गावच्या देनेरूझने 1864मध्ये ती पाण्यात उतरवली, आणि ज्यूल व्हर्नने तिला कादंबरीत नेले. तत्त्व तेच, हे मान्य. पण रुकेरोलच्या टाकीत हवा इतकी थोडी मावे की बहुधा वरून नळीने पंप मारत राहावे लागे. पाणबुड्या होडीला बांधलेलाच राहिला. दुसरा दावेदार जॉर्ज कोमेन. जुलै 1943मध्ये तो स्वतःच्या यंत्रासह 53 मीटर खोल गेला. पुढच्याच वर्षी लढाईत मारला गेला. तो जगता तर ही कुळकथा कदाचित वेगळी लिहावी लागली असती. तरी जगभर पसरलेल्या यंत्राची झडप गान्यांच्या टेबलावरची होती. माझ्या मते रुकेरोल हा आजोबा, पेट्रोलटंचाई ही आई.

नावाची कथा आणखी विचित्र. ‘स्कूबा’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव अमेरिकन डॉक्टर ख्रिश्चन लॅम्बर्टसनने रूढ केले. त्याचे युद्धातले यंत्र प्राणवायू आतल्या आत फिरवणारे होते. शत्रूला दिसेल असा बुडबुडा त्यातून सुटत नसे. आज तेच नाव बुडबुडे सोडणाऱ्या यंत्राला चिकटले आहे. नाव एका घराण्याचे, रक्त दुसऱ्याचे.

पुढे कूस्तो ‘कॅलिप्सो’ या जुन्या सुरुंगशोधक जहाजातून लाल समुद्रात गेला. 1956च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’मध्ये थिसलगॉर्म जगाने पाहिले. त्या सफरीत मोटारीची झडप मोटारींपाशी पोचली.

पेटंटवर कूस्तो आणि गान्यां, दोघांचीही नावे आहेत. तारकर्लीला किंवा लाल समुद्रात तोंडात ही झडप, म्हणजे रेग्युलेटर, धराल, तेव्हा दुसरे नावही आठवा.