पंतोजींच्या शाळेचें मोल

पेशवाई बुडाली त्या सुमारास महाराष्ट्रांत सरकारी प्राथमिक शाळा नव्हत्या. ज्या होत्या त्या खासगीच. मुंबईच्या गव्हर्नराच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं लिहिलें कीं, जेथें एकहि शाळा नाहीं असें गांव क्वचितच आढळेल, आणि पालक ऐपतीप्रमाणें थोड्या धान्यापासून दरमहा रुपयापर्यंत पंतोजींस देतात. शाळांच्या संख्येविषयींचें हें विधान अंमळ सढळच वाटतें. परंतु फीची गोष्ट मर्माची आहे. फी ठरे ती शाळा पाहून नव्हे, घर पाहून.

ही शाळा देवळाच्या ओवरींत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवींत भरे. धूळपाटीवर अक्षरें, मग मोडीचें वळण, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पंतोजींचा लौकिक प्रगतिपुस्तकावर नव्हे, पेठेंत ठरत असे. मुलगा तोंडीं व्याज सांगतो कीं नाहीं, त्याचें मोडी पत्र मुनिमास वाचतां येतें कीं नाहीं, हीच परीक्षा. छडीचा धाक हा दोष न मानतां गुणांतच जमा होई! फी अल्प असली तरी सणावाराचा शिधा निराळा.

मिशनऱ्यांची गोष्ट उलट. अमेरिकन मिशनने १८१५ सालीं मुंबईंत शाळा काढली. फी नाहीं, शिकवावयास आरंभीं हिंदु पंतोजीहि ठेवलेले. परंतु १८३९ सालीं दोघां पारशी तरुणांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारतांच डॉ. विल्सन यांच्या शाळेंतील बाकें ओस पडलीं. पुढें १८४३ सालीं नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यास परत जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढें सरसावले, तेव्हां सनातन्यांचा रोष त्यांनाहि सोसावा लागला. फुकटची शाळा गृहस्थाच्या हिशेबीं अशी सर्वांत महाग ठरली.

या साऱ्या तुलनेंत एक मोठा वर्ग मुळांत धरलाच नव्हता. मुली आणि अस्पृश्य मानलेल्यांचीं मुलें यांना पंतोजींची ओवरी बहुधा बंदच. तेथें रुपयाहि चालत नसे. १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली. १८४९ सालीं मुंबईंत विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र सभेनें तसेंच केलें. जगन्नाथ शंकरशेट यांनीं जागा दिली आणि दादाभाई नौरोजींसारख्या सभासदांनीं आपलें काम संभाळून विनावेतन शिकविलें. येथें शाळेचा खर्च विद्यार्थिनीच्या घरावर न पडतां शिक्षकाच्या श्रमावर पडला, आणि लौकिकाऐवजीं पुष्कळदां शिव्याच पदरीं आल्या.

हंटर आयोगापुढें १८८२ सालीं फुले यांनीं हाच हिशेब सरकारापुढें मांडला. सरकारचें उत्पन्न बहुतांशीं रयतेच्या घामाचें, आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांवर. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. मुंबई इलाख्यांत त्या दिशेचा कायदा विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें १९१८ सालीं झाला, आणि तोहि नगरपालिकांच्या मर्जीवर सोडलेला होता.