पाचामुखी परमेश्वर ते एकटा पंच

आज बचतीचा आणि कर्जाचा विषय जरा बाजूला ठेवू आणि खेळाबद्दल बोलू. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत कबड्डी, खो-खोच्या जोडीला तलवारबाजी आहे, हे तुमच्यापैकी ज्यांच्या मुली मोठ्या शाळेत जातात त्यांना ठाऊक असेल. पांढरा पोशाख, तोंडावर जाळीचा मुखवटा आणि हातात लवचीक पात्याची तलवार. या खेळातल्या यशावर दहावी-बारावीचे वाढीव गुण मिळू शकतात, पुढे नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागांचा दरवाजा उघडू शकतो. म्हणजे लेकीच्या एका सामन्यात घराचं बरंच काही पणाला लागलेलं असतं. आणि तो सामना कुणाच्या शब्दावर ठरतो? पंचाच्या. म्हणून आज आम्ही खेळाडूंची नाही, पंचांची गोष्ट सांगणार आहोत. ते कसे घडले आणि त्यांचीही परीक्षा घेऊन त्यांना श्रेणी द्यायची वेळ का आली, ही ती गोष्ट.

आधी खेळ समजून घेऊ. चौदा मीटर लांबीची अरुंद पट्टी असते. तिच्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहतात. तलवारी तीन प्रकारच्या. फॉइलमध्ये फक्त धडावर टोक टेकलं तर गुण. एपीमध्ये डोक्यापासून पायापर्यंत कुठंही टोक टेकलं तरी गुण. सेबरमध्ये कमरेच्या वर, हाताचे पंजे सोडून, टोकानं किंवा पात्याच्या धारेनं. एपीचा हिशेब सरळ आहे, जिचं टोक आधी लागलं तिला गुण. दोघींचे वार सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत लागले तर दोघींनाही गुण. फॉइल आणि सेबरमध्ये मात्र दोघींचे वार लागले तर हल्ल्याचा हक्क कुणाचा होता ते बघतात. पहिलीनं हल्ला सुरू केला असेल तर दुसरीनं आधी तो अडवायचा किंवा चुकवायचा, मगच उलटा वार करायचा. तसं न करता तिनं नुसतीच तलवार पुढे केली, तर तिचा वार लागूनही गुण पहिलीलाच. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत घडतं, आणि त्याचा निवाडा पंचाला द्यायचा असतो.

आपल्याकडे ‘पंच’ म्हणजे पाच जण. जुन्या काळी तलवारबाजीत खरोखर पाच माणसं न्याय करायची. मधोमध एक अध्यक्ष आणि पट्टीच्या चार कोपऱ्यांना चार निरीक्षक. दोन निरीक्षक एका खेळाडूच्या अंगावर वार लागतो का ते बघायचे, दोन दुसऱ्याच्या. वार झाला की अध्यक्ष खेळ थांबवायचा आणि त्या बाजूच्या दोघांना विचारायचा. ‘हो’, ‘नाही’, ‘लागला पण वर्ज्य जागी’ किंवा ‘मला दिसलं नाही’, यांपैकी एक उत्तर द्यायचं. निरीक्षकाचं मत एक धरायचे आणि अध्यक्षाचं दीड.

हे दीड मत फार विचार करून ठेवलं होतं. दोन्ही निरीक्षकांचं एकमत झालं तर त्यांची मतं दोन, म्हणजे अध्यक्षापेक्षा जास्त. तिथं अध्यक्षाचंही चालायचं नाही. दोघांत एक ‘हो’ आणि एक ‘नाही’ झालं तर अध्यक्षाचं दीड मत निकाल लावायचं. अध्यक्षालाही नीट दिसलं नसेल तर वार संशयित धरायचा आणि गुण कुणालाच नाही. आपल्या गटाच्या बैठकीत अध्यक्षबाईंचा मान मोठा, पण सगळ्या सदस्य एका बाजूला असल्या तर त्यांना मागे सरावं लागतं, तसंच हे.

व्यवस्था चांगली होती, पण माणसं माणसंच होती. शिवाय नियमही देशोदेशी वेगळे. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला तर फ्रान्सचे तलवारबाज गेलेच नाहीत, आणि इटलीचे एपीमध्ये उतरले नाहीत. फॉइलमध्ये दंडाचा वरचा भाग धरावा, असं फ्रान्सचं म्हणणं. एपीचं पातं लांब असावं, असं इटलीचं. दोघांचंही मान्य झालं नाही. अशा भांडणांतून पुढच्याच वर्षी, 29 नोव्हेंबर 1913 ला, पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघ स्थापन झाला आणि 1914 मध्ये सगळ्यांसाठी एक नियमावली ठरली.

नियम एक झाले, पण विश्वास? 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेबरच्या अंतिम फेरीत इटलीचे चार खेळाडू होते. त्यातल्या पुलिती या खेळाडूनं आपल्याच तिघांना सहज हरवलं. तिघं मुद्दाम हरले, असा आरोप कोवाच नावाच्या हंगेरियन पंचानं केला. पुलिती भडकला, पंचाला धमकावलं आणि स्पर्धेतून बाद झाला. त्याच्याबरोबर इटलीचे बाकीचेही बाहेर पडले. काही महिन्यांनी खेळाडू आणि पंच दोघंही खऱ्या तलवारी घेऊन द्वंद्वाला उभे राहिले. बराच वेळ वार झाले, अखेर लोकांनी मध्ये पडून त्यांना सोडवलं. पंचाच्या शब्दावर विश्वास उरला नाही की खेळ संपतो आणि वैर सुरू होतं. आपल्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांवरूनही हे आपण जाणतो.

मग माणसाच्या डोळ्याऐवजी यंत्र आलं. तलवारीच्या टोकाला बारीक बटण, त्यापासून तार, आणि वार टेकला की दिवा लागणार. ऑलिंपिकमध्ये 1936 साली बर्लिनला एपीसाठी, 1956 साली मेलबर्नला फॉइलसाठी आणि 1992 साली बार्सिलोनाला सेबरसाठी अशी यंत्रं आली. कोपऱ्यातले चार निरीक्षक हळूहळू गेले. पाचांतला एकच उरला. पूर्वी त्याला अध्यक्ष म्हणत, आता पंच म्हणतात.

आता सगळा तंटा मिटला, असं वाटेल. पण यंत्रालाही फसवणारे निघाले. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेतल्या तलवारबाजीत सोव्हिएत संघाचा ओनिश्चेन्को खेळत होता. ब्रिटनचा जिम फॉक्स मागे सरला, वार लागलाच नाही, तरी दिवा पेटला. फॉक्सनं तक्रार केली. तलवार तपासली तर मुठीत चोरटी कळ सापडली. ती दाबली की दिवा लागायचा. ओनिश्चेन्को बाद झाला, त्याचा संघही शर्यतीबाहेर गेला. तेव्हापासून हत्यारांच्या तपासणीवरचं लक्ष आणखी वाढलं.

आणि यंत्र प्रामाणिक असलं तरी त्याला एकच कळतं, वार लागला की नाही. हल्ल्याचा हक्क कुणाचा, हे दिवा सांगत नाही. फॉइल आणि सेबरमध्ये दोन्ही दिवे एकदम पेटतात आणि सभागृह पंचाकडे बघतं. त्यानं हाताच्या ठरलेल्या खुणांनी आणि शब्दांनी सगळ्यांसमोर सांगायचं असतं, ‘हल्ला डावीकडून, अडवला, उलटा वार उजवीकडून, लागला, गुण उजवीला.’ नुसतं ‘हिला गुण’ म्हणून चालत नाही, कारणही सांगावं लागतं. न्याय झाला की नाही, हे बघणाऱ्याला समजलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्यामागं आहे.

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वेळेनंच घोळ केला. दक्षिण कोरियाची शिन आ-लाम आणि जर्मनीची ब्रिटा हायडेमान यांचा एपीचा उपांत्य सामना. एक सेकंद उरला होता, आणि तो बरोबरीत सरला तर शिन जिंकणार होती. त्या एका सेकंदात पुन्हा पुन्हा चढाया झाल्या, तरी घड्याळ संपेना. शेवटी हायडेमानचा वार लागला आणि तो धरला गेला. अपिलाचा निर्णय होईपर्यंत पट्टी सोडली तर निकाल मान्य केल्यासारखं होणार होतं, म्हणून शिन जवळजवळ तासभर तिथंच रडत बसून राहिली. अपील फेटाळलं गेलं. पुढं त्याच ऑलिंपिकमध्ये तिनं संघाबरोबर रौप्यपदक जिंकलं, पण तो सेकंद कुणी विसरलं नाही. इतक्या मोठ्या ठिकाणी, इतक्या यंत्रांमध्ये हे झालं.

मग लहान गावातल्या स्पर्धेचं काय? मोठ्या स्पर्धेत कॅमेरा असतो, पंचाला चित्रफीत परत बघता येते. गावात ते नसतं. शिवाय पंच लागतात किती! एका गटात सात मुली असतील आणि प्रत्येकीनं प्रत्येकीशी खेळायचं असेल तर एकवीस सामने होतात. बेचाळीस मुली आल्या तर सात-सातचे सहा गट, म्हणजे एकशे सव्वीस सामने, तेही एका सकाळीत. तेवढे जाणकार पंच बाहेरून आणायचे तर खर्च परवडत नाही. ते तिथल्या तिथंच तयार करावे लागतात.

हे काम अमेरिकेत पद्धतशीर झालं आहे. तिथं 1891 साली हौशी तलवारबाजांची संघटना निघाली, तीच आजच्या राष्ट्रीय संघटनेचं मूळ. तिथं पंच व्हायचं तर आधी प्रशिक्षण वर्गाला बसायचं, मग नियमांची लेखी परीक्षा द्यायची. एवढ्यानं भागत नाही. नंतर खऱ्या स्पर्धेत गटाचे सामने चालवायचे आणि अनुभवी पंच शेजारी उभा राहून बघणार. हल्ला नीट ओळखला का, खुणा स्पष्ट केल्या का, आवाज पोचला का, पालक किंवा प्रशिक्षक ओरडले तेव्हा डगमगला का, हे सगळं तपासून मग श्रेणी. पूर्वी ती आकड्यांत असे, दहा सगळ्यात खालची आणि एक सगळ्यात वरची. आता अक्षरांत देतात, आधी तात्पुरती, मग स्थानिक, मग विभागीय, मग राष्ट्रीय. श्रेणी प्रत्येक हत्याराची वेगळी. एपीत हुशार असलेल्या पंचाला सेबरची श्रेणी आपोआप मिळत नाही, कारण सेबरचा वेग निराळा. शाळा-कॉलेजातली मुलंमुलीही स्थानिक श्रेणी घेऊन पंचगिरी करतात आणि त्याचं मानधन मिळवतात.

मैत्रिणींनो, हे आपल्याला परकं वाटायला नको. आपल्या गटाचंही श्रेणीकरण होतं. बैठका वेळेवर होतात का, बचत नियमित आहे का, अंतर्गत कर्ज फिरतं का, परतफेड होते का, दप्तर नीट आहे का, ही पंचसूत्री तपासल्यावरच बँक दार उघडते. पहिल्यांदा आपल्यातल्या कितीतरी जणींना वाटतं, ‘आमच्यावर अविश्वास का?’ पण वर्षभरानं त्याच बाया दप्तर उघडून अभिमानानं दाखवतात. श्रेणी असली की आपला शब्द अनोळखी माणसालाही पटतो. पंचाचंही तसंच आहे. ती गावातली कोण, कुणाची सून, हे न विचारता तिचा निर्णय मानला जातो.

गावात सगळ्यात अवघड भाग नात्यागोत्याचा. लहान ठिकाणी पंच हाच कुणाचा तरी प्रशिक्षक, कुणाचा तरी मामा. म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या देशाच्या खेळाडूचा सामना पंचाला देत नाहीत, आणि स्थानिक स्पर्धेतही आपल्या क्लबच्या, घरच्या मुलीचा सामना दुसऱ्याकडे सोपवणं हीच चांगली रीत. श्रेणी मोठी म्हणून सूट मिळत नाही. सामना चालू असताना एकमेकांशी संवाद साधला, म्हणून 2024 मध्ये अमेरिकेच्या संघटनेनं दोन राष्ट्रीय पंचांना नऊ महिने निलंबित केलं. श्रेणी देणाऱ्यांना ती काढूनही घेता आली पाहिजे, नाहीतर तिला किंमत नाही.

यात बायका कुठं होत्या? खेळाडू म्हणून त्यांना ऑलिंपिकचं दार 1924 मध्ये उघडलं, तेही फक्त फॉइलसाठी. एपीला 1996 उजाडावं लागलं आणि सेबरला 2004. म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात जायला बहात्तर वर्षं, आणि तिसऱ्याला ऐंशी. त्याच सेबरमध्ये आपल्या देशाची भवानी देवी टोकियोला खेळली. ऑलिंपिकला पोचलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. तिथं तिनं पहिला सामना 15-3 असा जिंकला. हीच भवानी चौदाव्या वर्षी तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेली होती, तेव्हा तीन मिनिटं उशिरा पोचली म्हणून तिला काळं कार्ड दाखवून बाहेर काढलं होतं. पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, लाल म्हणजे समोरचीला एक गुण, काळं म्हणजे घरचा रस्ता. लहान वयात नियम माहीत नसण्याची किंमत एवढी असते. गावच्या पंचानं गावच्या स्पर्धेतच नियम नीट पाळले, तर मुलगी परदेशात जाऊन ते पहिल्यांदा शिकत नाही. स्थानिक पंच हीसुद्धा एक शिक्षिकाच असते.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच. तुमच्या मुलीच्या शाळेत तलवारबाजी असेल तर स्पर्धेला जा आणि दिव्याकडे बघता बघता पंचाकडेही बघा. निर्णयाचं कारण तो सांगतो का, ऐका. क्रीडा शिक्षकांना विचारा, पंचांचं प्रशिक्षण कधी असतं, परीक्षा कोण घेतं, त्यात मुलींना बसता येतं का. जी मुलगी खेळणं सोडून घरी बसली आहे, गुडघा दुखावला म्हणून किंवा वय गेलं म्हणून, तिच्या डोळ्यांतलं ज्ञान वाया जाऊ देऊ नका. पदक एकीलाच मिळतं, पण त्या सकाळी सहा गटांना सहा पंच लागतात. त्यांतली एक तरी आपल्या वस्तीतली असावी, शिकलेली, तपासलेली, श्रेणी मिळवलेली. ‘गुण उजवीला’ असं तिनं हात उंचावून सांगितलं की हरलेल्या मुलीच्या आईलाही ते पटलं पाहिजे.